भित्री मुले, धीट मुले

भीती मनात असते असे आपण धरून चालतो. पण आपली मराठी भाषा काय सांगते ते पाहा. भ्यालेल्या माणसाच्या छातीत धडधडते, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो, हातपाय गार पडतात, बोबडी वळते, आणि फारच भ्याला तर दातखीळ बसते. यात मनाचे नाव कुठे आहे? सगळा कारभार शरीराचा आहे. ज्या आज्यापणज्यांच्या तोंडून हे शब्द रूढ झाले त्यांनी शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, पण त्यांचे निरीक्षण मात्र पक्के होते.

आता दुसरी गोष्ट. वीज एकच कडाडते, पण एक मूल धावत येऊन आईच्या पदरात शिरते आणि त्याचाच भाऊ गारा वेचायला अंगणात पळतो. शाळेत पाहणीला साहेब येतात. ज्या मुलाला काल सतराचा पाढा घडाघडा येत होता तो आज खाली मान घालून उभा राहतो, आणि ज्याला निम्माशिम्मा येतो तो खुशाल हात वर करतो. असे का होते? एक भित्रा आणि एक शूर, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. शास्त्रज्ञ मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. शंभरएक वर्षांत त्यांनी याचा बराच माग काढला आहे. तो माग घरातल्या आईबापांना आणि वर्गातल्या गुरुजींना, बाईंना फार उपयोगी पडेल असा आहे, म्हणून आज त्याविषयी बोलू.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने ते मांजराच्या पोटातील अन्न कसे पुढे सरकते ते पाहत असत. त्यांच्या ध्यानात आले की मांजर बिथरले, घाबरले, की जठराची हालचाल एकदम थांबते. पुन्हा शांत झाले की ती सुरू होते. या धाग्याचा माग घेत त्यांनी 1915 साली एक ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे: संकट दिसले की मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी ॲड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. हृदय जोरात चालू लागते. पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. रक्तातली साखर वाढते. म्हणजे शरीर दोनांपैकी एका कामाला तयार होते, झुंजायचे किंवा पळायचे. अशा वेळी जेवण पचवत बसायला सवड कुणाला?

हे कळले म्हणजे घरोघरची एक गोष्ट उलगडते. शाळेची वेळ झाली की काही मुलांच्या पोटात दुखू लागते. आई म्हणते, "चल, सोंग करू नकोस." सोंग करणारी मुले असतात, नाही असे नाही. पण जे मूल खरोखर धास्तावले आहे त्याचे पोट खरोखरच दुखते. दुखणे खरे आहे, कारण मात्र पोटात नाही. अशा मुलाला ओवा दिला तर थोडा आराम पडेल. पण त्याला धास्ती कशाची वाटते हे विचारल्यावाचून दुखण्याचे मूळ सापडायचे नाही.

ही यंत्रणा सर्वांना सारखीच मिळाली आहे. मग फरक कुठून पडतो? याचे एक उत्तर रशियातल्या एका महापुराने दिले. इव्हान पावलोव्ह हे नाव शिक्षकांना परिचयाचे असेल. ठरावीक आवाज केल्यावर कुत्र्याला खाऊ दिला, असे पुष्कळदा केले, की पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा त्यांचा प्रसिद्ध प्रयोग. 1924 सालच्या सप्टेंबरात लेनिनग्राड शहरात, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, मोठा पूर आला. पावलोव्ह यांची कुत्री पिंजऱ्यात होती. पाणी चढत गेले आणि कुत्री पिंजऱ्याच्या छताला नाक लावून पोहत राहिली. पिंजऱ्याची दारे खालच्या बाजूला, म्हणून नोकरांना त्यांना पाण्याखालून ओढून बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली. पण पुढे प्रयोगशाळेत पाहावे तो काय, काही कुत्री शिकलेले सारे विसरून गेली होती! आवाज झाला तरी तोंडाला पाणी सुटेना. ती हळूहळू सावरली, तरी एका कुत्र्याच्या खोलीत नंतर दाराखालून थोडे पाणी सोडून पाहिले तर ते पुन्हा पहिल्यासारखे बिथरले. आणि याच पुरातून वाचलेल्या दुसऱ्या काही कुत्र्यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. पूर एकच होता, पिंजरे एकाच जातीचे होते, पण कुत्र्यांचा पिंड निरनिराळा होता. काहींचे मज्जातंतू दणकट असतात आणि काहींचे नाजूक असतात, असे पावलोव्ह यांचे मत होते. या घटनेने ते अधिकच दृढ झाले.

कुत्र्यांचे ठीक, माणसांचे काय, असे तुम्ही विचाराल. त्याचेही उत्तर आहे. जेरोम केगन हे हार्वर्डचेच मानसशास्त्रज्ञ. ते 2021 साली वारले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार महिन्यांच्या शेकडो बाळांची पाहणी केली. बाळासमोर रंगीत खेळणी हलवायची, अनोळखी आवाज ऐकवायचा, उग्र वासाचा कापूस नाकाजवळ धरायचा, आणि बाळ काय करते ते टिपून ठेवायचे, एवढीच परीक्षा. सुमारे एकपंचमांश बाळे हातपाय झाडून रडू लागली. सुमारे दोनपंचमांश बाळे स्वस्थ पडून मजा बघत राहिली. बाकीची अधलीमधली होती. मग हीच मुले मोठी होताना पुन्हापुन्हा पाहिली. ज्यांनी चौथ्या महिन्यात आकांत केला होता त्यांतली पुष्कळ मुले पुढे नवख्या माणसाला, नव्या जागेला बिचकणारी निघाली.

पुढे 2003 साली आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांची असताना फार बुजरी असलेली काही मुले आता तरुण झाली होती. त्यांना अनोळखी चेहऱ्यांची चित्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. मेंदूत आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक लहान भाग असतो. धोक्याची वर्दी देणे हे त्याचे एक मुख्य काम. बुजऱ्या मुलांच्या मेंदूतला हा बदाम नवे चेहरे पाहताच इतरांपेक्षा अधिक जागा झाला. म्हणजे जो चौकीदार लहानपणी जास्त सावध होता तो वीस वर्षांनंतरही तसाच सावध होता.

तेव्हा बुजरेपणा हा काही मुलाचा दोष नव्हे, आईच्या लाडाचाही नव्हे. कुणाचा आवाज जन्मतः बारीक असतो, कुणाचा खणखणीत. तसेच हे आहे. पण इथेच एक मोठी चूक होण्याचा संभव आहे. "जन्मतःच भित्रा, मग आता काय उपाय?" असे म्हणून हात झटकायचे. केगन यांचीच पाहणी याच्या विरुद्ध साक्ष देते. आकांत करणाऱ्या बाळांपैकी सगळी काही पुढे भित्री झाली नाहीत. अगदी बेधडक अशी त्यांतून क्वचितच निघाली हे खरे. पण चारचौघांसारखी वागणारी, हसणारी, शिकणारी पुष्कळ निघाली. बीज जन्माचे असते. पीक मात्र जमिनीवर, पाण्यावर आणि मशागतीवर ठरते, हे तुम्हा शेतकरी मंडळींना मी सांगायला नको.

ही मशागत कशी होते याचे दोन नमुने सांगतो. पहिला माकडांचा. ऱ्हीसस म्हणजे उत्तर हिंदुस्थानात दिसणारे लाल तोंडाचे माकड. रानातले हे माकड सापाला फार भिते. पण प्रयोगशाळेत जन्मलेले पिल्लू, ज्याने साप कधी पाहिलाच नाही, ते सापापलीकडे ठेवलेला खाऊही बेधडक उचलते. सुझन मिनेका आणि मायकेल कुक या अमेरिकी संशोधकांनी 1984 च्या सुमारास अशा माकडांना एक दृश्य दाखवले: रानात वाढलेले मोठे माकड साप पाहून किंचाळते आहे. बस्स, थोड्या वेळातच पाहणारी माकडेही सापाला भिऊ लागली. साप त्यांना चावला नव्हता, त्यांच्याकडे फिरकलाही नव्हता. त्यांनी भ्यालेले तोंड पाहिले, एवढेच.

पण खरी मौज पुढे आहे. काही माकडांना त्यांनी आधी उलटे दृश्य दाखवले. एक माकड सापाजवळ निवांत बसले आहे, त्याला काही वाटत नाही. अशा माकडांना मागाहून भ्यालेले माकड दाखवले तरी बहुतेकांना भीती जडली नाही. देवीची लस टोचावी तसे झाले. आता तुम्हीच विचार करा. घरात पाल पडली की आपण कसे ओरडतो? अंधारात पाठवताना "जाऊ नको, तिथे बागुलबुवा आहे" हे कोण सांगते? मूल आपला उपदेश नंतर ऐकते. त्याआधी ते आपले तोंड वाचते.

दुसरा नमुना उंदरांचा. कॅनडात माँट्रियल येथे मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात असे पाहिले, की काही उंदरीण आया पिलांना फार चाटतात, गोंजारतात, आणि काही कमी. जास्त चाटलेली पिले मोठेपणी संकटाने कमी बिथरतात आणि लवकर शांत होतात. मग कमी चाटणाऱ्या आईची पिले जन्मल्यावर लगेच जास्त चाटणाऱ्या आईकडे दत्तक दिली, तर तीही शांत निघाली. उंदरावरून माणसाचा हिशोब तंतोतंत मांडता येत नाही. पण लहानपणीच्या मायेचा ठसा शरीरावरच उमटतो, हे यातून शिकण्याजोगे आहे.

आता शाळेकडे वळू. "छडी लागे छमछम" हे आपण ऐकत आलो. थोडा धाक हवाच, असे पुष्कळांचे म्हणणे असते. या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे का? रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी 1908 सालीच हे उंदरांवर पाहिले होते. दोन पेट्यांपैकी योग्य पेटी निवडायची. चुकले की विजेचा झटका. दोन पेट्यांतला फरक ढोबळ होता तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. पण फरक बारीक असला, म्हणजे काम अवघड असले, की जबर झटक्याने शिकणे उलट मंदावले. मध्यम झटकाच बरा ठरला. थोडक्यात, गवताचा भारा उचलून पळायचे असेल तर भीती मदत करील. त्रैराशिक सोडवायचे असेल तर तीच भीती आडवी येईल.

यात पिंडाचा भेद मिळवा म्हणजे चित्र पुरे होते. ज्या आवाजाने मागच्या बाकावरचा दांडगा गडी जेमतेम मान वर करतो, त्याच आवाजाने पुढच्या बाकावरच्या बुजऱ्या मुलीचे डोके बंद होते. तिला उत्तर येत असते, पण ओठांवर येत नाही. गुरुजी समजतात, "हिला काही येत नाही." मग ती मागे बसते. मग तिला विचारणेच बंद होते. काही दिवसांनी तिला खरोखरच काही येईनासे होते. पुढे घरचे म्हणतात, "शिक्षणात डोके नाही, काढा शाळेतून." श्रोतेहो, हुशारी कमी म्हणून नव्हे, चौकीदार जास्त जागा म्हणून एखादे मूल शाळेला मुकावे, हे नुकसान लहान नाही. 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंना मनाई केली आहे. कायद्याने छडी काढून घेतली. टोचून बोलणे मात्र आपले आपणच सोडायला हवे.

मग करावे काय? इथे एक जुना आणि सुंदर प्रयोग उपयोगी पडतो. 1924 साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या तीनएक वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाची भारी भीती. बाईंनी त्याला रागावले नाही की सशाजवळ ओढत नेले नाही. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवायचा. मग एकेक पाऊल जवळ. कधी सशाला न भिणारी दुसरी मुलेही सोबत खेळायला आणायची. असे करता करता तो मुलगा शेवटी सशाला मांडीवर घेऊन कुरवाळू लागला. भीती घालवण्याच्या आजच्या पुष्कळ उपचारांची वाट याच प्रयोगाने दाखवली.

याच रीतीने बुजऱ्या मुलाला वर्गात बोलते करता येईल. त्याला एकदम फळ्यापुढे उभे करू नका. "उद्या तुला अमुक प्रश्न विचारणार आहे बरं का," असे आदल्या दिवशी सांगा. आधी शेजारच्या मित्राला सांगू दे, मग चौघांच्या गटात, मग जागेवर उभे राहून, आणि शेवटी सर्वांपुढे. पायऱ्या लहान असाव्यात, पण चढणे थांबू नये. "जाऊ दे, तो लाजतो" म्हणून त्याला कायमची सूट देणे हाही अपकारच. कारण टाळले की तात्पुरते बरे वाटते, आणि बरे वाटते म्हणून टाळण्याची सवय जडते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा मागे लागतो.

परीक्षेच्या भीतीवर एक सोपा उपाय 2011 साली प्रसिद्ध झाला. जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक या संशोधकांनी परीक्षेआधी दहा मिनिटे विद्यार्थ्यांना आपल्याला कसली काळजी वाटते ते कागदावर लिहायला सांगितले. ज्यांना परीक्षेचा फार धसका होता त्यांचे गुण त्यामुळे सुधारले. याला खर्च एका कोऱ्या कागदाचा. तो कागद गुरुजींनी वाचायचाही नाही.

मुलांना आणखी एक सत्य सांगावे: धीट माणसालाही भीती वाटते. विमानातून छत्रीच्या आधारे उड्या मारणाऱ्यांची 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेत वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टीन यांनी पाहणी केली. नवख्यांची छाती उडीच्या क्षणापर्यंत अधिकाधिक धडधडत गेली. मुरलेल्यांचीही धडधड वाढली, पण ती आधीच शिगेला पोहोचून उडीच्या वेळेपर्यंत उतरणीला लागली. म्हणजे अनुभवाने भीती मरत नाही, वेळेवर आवरता येते. तेव्हा "घाबरतोस काय भागूबाईसारखा!" हे बोलणे दोन्हीकडून वाईट. मुलगा भीती लपवायला शिकतो, आणि भिणे हा मुलींचाच धर्म आहे असे मुलींना वाटू लागते.

बेधडक मुलांचे काय? त्यांची काळजी नाही असे मुळीच नाही. ज्याचा चौकीदार डुलक्या घेतो तोच पुराच्या पाण्यात सूर मारतो, विजेच्या उघड्या तारेला हात लावतो. त्याला भीती घालून भागत नाही, धोका नीट समजावून द्यावा लागतो. आणि बुजऱ्या मुलाचेही गुण आहेत. ते बोलण्याआधी ऐकते आणि पाऊल टाकण्याआधी जमीन पाहते. वर्गाला आणि गावाला दोघेही हवेत.

शेवटी एक सूचना. महापूर, अपघात, घरातला मृत्यू अशा प्रसंगानंतर काही मुले, आणि मोठी माणसेही, महिना उलटला तरी सावरत नाहीत. झोप लागत नाही, जेवण जात नाही, मूल शाळेचे नाव काढू देत नाही. अशा वेळी अंगाराधुपाऱ्यात दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. 2022 च्या ऑक्टोबरात सरकारने टेली मानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. 14416 हा तिचा क्रमांक. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

तर श्रोतेहो, उद्या वर्गात किंवा घरात एखादे मूल गप्प उभे राहिले, तर "याला येत नाही" असे ठरवण्याआधी थोडे थांबा. त्याच्या हाताला हात लावून पाहा. हात गार असेल तर पाठ विचारण्याची घाई करू नका. आधी धीर द्या आणि मग हळूच पहिली पायरी दाखवा.